आत्यानं लिपलेला थर

लेकीच्या लग्नात, भर पंगतीत, नळदुर्गच्या व्याह्यांनी मी हौसेनं वाढलेल्या अळिंबीच्या भाजीला कुत्र्याची छत्री म्हटलं. मी मुलीचा बाप. हात जोडून हसलो. कळंबच्या मोंढ्यात पोती उचलत स्वतःचं भुसाराचं दुकान उभं केलेला माणूस मी. भल्याभल्या अडत्यांवर आवाज चढवून भाव पाडतो, पण व्याह्यांपुढं आवाज चढत नाही. तेव्हाच ठरवलं, ते घरी आले की घरचीच अळिंबी वाढायची आणि तो शब्द मागं घ्यायला लावायचा.

मागच्या खोलीत पिशव्या मांडल्या. त्यातलं गव्हाचं काड बुरशीच्या धाग्यांनी पांढरंशुभ्र झालं. आता वर मातीचा थर द्यायचा होता. अळिंबी लावायला शिकवणाऱ्यानं बजावलं होतं, जुनं कुजलेलं शेणखत आणि माती घ्या, चुना मिसळा, वाफवा, गार झाल्यावर बोटाच्या पेराएवढं पसरा; पण दाबू नका. थर भुसभुशीत राहिला तरच अळिंबी डोकं वर काढते.

असं खत शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्याच्या उकिरड्याच्या तळाशी होतं. मी घासाघीस सुरू केली. "तळाचंच पाहिजे, आणि फुकट पाहिजे."

"न्या की. पण वरचं उपसल्याबिगर तळाचं कसं निघंल? ते तेवढं माझ्या वावरात पसरून जावा."

फुकटात सौदा मारला या खुशीत मी सकाळभर त्याचा उकिरडा उपसला. तो बांधावर बसून "अजून जरा पलीकडं" एवढंच म्हणत होता.

खत वाफवायला कार्याचं मोठं पातेलं काढलं. बायको म्हणाली, "आता ह्यात तुमच्या व्याह्यांचाच भात शिजवते." मी तिकडं लक्ष दिलं नाही. सगळ्या पिशव्यांवर अलगद थर पसरला आणि दुकानात गेलो.

संध्याकाळी परतलो तर खोलीत ओल्या शेणाचा वास. भूमहून माहेरपणाला आलेली माझी आत्या भिंतीला टेकून बसलेली, हात कोपरापर्यंत माखलेले. पिशव्यांवरचा थर कणगीच्या तोंडासारखा लिपलेला, गुळगुळीत, वर बोटांच्या सुबक कमानी.

"आत्या, हे काय केलंस!"

"काय केलं म्हंजी? घरात उकरलेली माती तशीच ठिवत्यात व्हय रं? म्या चांगली थापून, शेणकाल्यानं सारवली. तीन ऱ्हायल्या, गुडघं धरलं."

माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. पण हिच्या मांडीवर लहानाचा मोठा झालो. अंगणात जाऊन मी बादलीला लाथ मारली. मग खिळ्यानं थर उकरून पाहिला, तर खालची पांढरी जाळीच फाटली. लिपलेल्या पिशव्या तशाच सुकल्या. आत्याचे गुडघे धरले म्हणून वाचलेल्या तीन पिशव्यांवर मात्र मुठीएवढी अळिंबी फुगून आली.

व्याही-विहीण आले त्या सकाळी वाटी नीट भरावी म्हणून मी अळिंबी झाडून सगळी काढली.

व्याह्यांनी दोनदा वाढून घेतली. बोटं चाटत म्हणाले, "झकास! सोलापूरच्या बाजारातनं आणली जणू?"

"घरची आहे, व्याहीबुवा."

"असंल की," म्हणाले आणि विहिणीकडं बघून हसले.

मी त्यांना तडक मागच्या खोलीत नेलं. तिथं तीन बोडक्या पिशव्या, आणि बाकीच्यांवर अळिंबीचा मागमूस नाही. दाखवायला एक तरी उभी ठेवायची होती, हे तेव्हा डोक्यात आलं. व्याह्यांनी वाकून पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला.

विहीण मात्र हरखून गेली. "अगं बाई! लिपण किती सुरेख केलंय. आमच्या सुनेला शिकवा की."

ती सून म्हणजे माझीच लेक.

"म्याच केलंय," दारातून आत्या म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "हितं कुणाला कवतिक हाय?"