फुमिकोसानच्या आईची रोजनिशी

सुलेखाने आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं वाहिलं. पुण्यात जपानी शिकली, नवऱ्याच्या, दीनानाथच्या, बँकेतल्या नोकरीमागोमाग सिंगापूरला आली आणि तोआ पायोहच्या फ्लॅटमधून बावीस वर्षं एका जपानी कंपनीत दुभाषी म्हणून जात राहिली. पदरचं घालायचं नाही, समोरच्याचं गाळायचं नाही. तिच्या तोंडून साहेब लोक माणसांना नोकरीवरून काढत, आणि ती घरी येऊन वरणाला फोडणी देई.

निवृत्तीनंतर ती मरीन परेडला फुमिकोसानकडे जाऊ लागली. शहाऐंशी वर्षांच्या या विधवा बाईंची नजर गेली होती. त्यांची आई, युद्धानंतर जपानच्या संसदेत निवडून आलेल्या पहिल्या बायकांपैकी एक. आईच्या रोजनिशा गावच्या स्मारकाला जायच्या होत्या. त्याआधी लेकीला त्या ऐकायच्या होत्या.

अपंगांची सक्तीने नसबंदी करू देणाऱ्या कायद्याला आईनेही मत दिलं होतं. तो कायदा कोर्टाने आता कुठे घटनाबाह्य ठरवला. फुमिकोसानची थोरली बहीण सेत्सुको जन्मतः बहिरी. एकोणिसाव्या वर्षी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, पुढे लग्न झालं, मूल झालं नाही. नव्वदीला आलेली ती वृद्धाश्रमातून पत्रं पाठवत होती, माझ्या पोटात काय केलंत ते सांगा. हॉस्पिटलात कागद उरले नव्हते. ताईला भ्रम झालाय, असं फुमिकोसान म्हणत.

त्या मंगळवारी सुलेखा वाचता वाचता थांबली.

"काय झालं?"

"अक्षर लागत नाहीये."

"आईचं अक्षर छापल्यासारखं होतं, सुलेखासान."

सुलेखाने वाचलं. "सेत्सुकोला आत नेलं. तिला अपेंडिक्स सांगितलंय. सही मी केली. मत दिलेला कायदा घरापुरता बाजूला ठेवता येत नाही."

फुमिकोसाननी ते पुन्हा वाचायला लावलं. मग पान बोटांनी चाचपत म्हणाल्या, "हे फाडलं तर कुणाला कळेल?"

"मला," सुलेखा म्हणाली. मग म्हणाली, "ताईंना वाचता येतं."

फुमिकोसाननी ब्लेड मागवून पान शिवणीपासून नीट कापून घेतलं. सोबत चिठ्ठी हवी, म्हणून मजकूर सांगू लागल्या. पण ताईपुढे एकही वाक्य टिकेना. तीन कागद वाया गेले. शेवटी पाकिटात नुसतं पान गेलं आणि सुलेखाने वृद्धाश्रमाचा पत्ता लिहिला.

"पुढचं वाचा," फुमिकोसान म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आईने संसदेत बाळंतिणींच्या दुधासाठी भाषण केलं होतं. टाळ्या किती वेळ वाजल्या, तेही लिहिलं होतं. सुलेखाने सगळं वाचलं.