वर जायचंय

आमच्या गावात दिशा दोनच, वर आणि खाली. डोंगरावर वसलेलं, दोन्हीकडून घाट चढूनच पोचता येणारं गाव. वर म्हणजे गाव आणि खाली म्हणजे उरलेलं सगळं जग, त्यात मुंबईही आली आणि दिल्लीही. पूर्वी कोकणातून मीठ घेऊन येणारे बैल चढ संपला की इथे दम खायचे. बैलांसाठी पाणी, पाण्यापाशी दुकान, दुकानामागे घरं, असं ते वाढलं. पुढे डांबरी रस्ता झाला, गाड्यांना दम खायची गरज उरली नाही, पण गावाने ते फारसं मनावर घेतलं नाही. दुपारी दुकानं बंद म्हणजे बंद. गिऱ्हाईक एवढं चढून आलंय तर बसेल की थोडं! सरळ उत्तर देणं आमच्याकडे आगाऊपणा समजतात.

आई गेल्यावर बाबांना मी बेंगळुरूला, बनशंकरीतल्या आमच्या घरी आणलं. त्यांनी इथेच राहावं अशी माझी फार इच्छा होती. तिथे एकटे काय खातील, पडले-बिडले तर कोण बघेल, या काळजीने मला चैन पडत नसे. पण त्यांच्या मनाचा थांग लागेना. करमतंय का विचारलं तर म्हणायचे, "पाणी बरं आहे इथलं."

एकदा मी व्हाइटफील्डला ऑफिसात असताना शेजारच्या अक्कांचा फोन आला. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. भाषा मराठी, पण कन्नडची फोडणी दिलेली. आवाज घाबरलेला होता.

"अण्णांकडे स्वल्प लक्ष द्या. सारखं म्हणतात, मला आता वर जायचंय."

मी हसत सुटले. वर म्हणजे गावाला, हे अक्कांना कोण सांगणार? बाकी मराठीत वर जाण्याचा अर्थ एकच. मी समजावलं, त्या "सरी, सरी" म्हणाल्या, पण विश्वास काही बसला नाही.

त्या दिवसापासून अक्कांनी बाबांना एकटं म्हणून सोडलं नाही. सकाळी त्यांचे यजमान बाबांना फिरायला आणि मग कॉफीला घेऊन जात. संध्याकाळी गच्चीवर पत्त्यांचा डाव. बाबा तिथे गावाच्या गोष्टी सांगू लागले. प्रत्येक वेळी बैल वाढत, घाट उंच होई. शेवटी सगळ्यांनाच गाव बघायची हौस आली आणि मे महिन्यात आम्ही मोठी गाडी करून निघालो.

निघताना बाबांनी आपले होते नव्हते ते सगळे कपडे भरले, स्वेटरसुद्धा. त्यांचं परत यायचं काही खरं नाही, हे ओळखूनच मी ती जड बॅग गाडीत चढवली.

गावात उतरताच हॉटेलवाल्याने भजी तळायला घेतली. बाबांना चहा देत त्याने मला धास्ती होती तेच विचारलं, "काका, आता वरच ना?"

बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"कसा राहू? या मंडळींना घाट लागतो. उतरताना कुणीतरी सोबत पाहिजे."

ज्यांना घाट लागत होता ती मंडळी समोरच्या बाकावर कांदाभजीची दुसरी प्लेट मागवत होती. मी तोंड फिरवून पदराने डोळे पुसले.