डावीकडचा आरसा

सायकलवर बसलं की मी भांडकुदळ होतो. एरवी नाही. ऑफिसात माझी ख्याती शांत माणूस अशी आहे, आणि घरात माझ्या रागाला कुणी विचारत नाही. पण एचएसआर लेआउटमधल्या घरातून निघून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत रोज माझी दोन-तीन भांडणं झालेली असायची. शिव्या मी मराठीत द्यायचो. मी निपाणीकडचा, कन्नड मला घरच्यासारखी येते. पण इथं कन्नड शिवी समोरच्याला कळते आणि मग थांबावं लागतं.

राग आला की दहापर्यंत आकडे मोज, असं बायकोनं एकदा सुचवून पाहिलं. मी मोजायचो आणि अकराव्याला शिवी द्यायचो. तोवर गाडी पुढे गेलेली असायची, म्हणून ती मोठ्यानं द्यावी लागायची.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला एक छोटी पांढरी गाडी माझ्या उजव्या बाजूनं, जवळजवळ माझ्याच वेगानं चालली होती. कोपरा आला तशी ती इंडिकेटर न देताच डावीकडे वळू लागली. मी ब्रेक दाबून पाय टेकवला. गाडी माझ्या गुडघ्याला जेमतेम घासून थांबली. लागलं काहीच नव्हतं, पण मोजायचं राहून गेलं. मी मोठ्यानं ओरडलो आणि उजव्या हाताची एक थाप तिच्या आरशावर मारली. आरसा मूळचाच सैल असावा. तो निखळला आणि वायरीला लोंबकळत दारावर आपटत राहिला.

काच खाली झाली. माझ्या बाजूला सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या डाव्या डोळ्यावर कापसाची पट्टी होती, चिकटपट्ट्या गालापर्यंत आल्या होत्या. गाडी त्यांची बायको चालवत होती. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून ती समोर बघत होती. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्या दोघांचं आपसांत आधीच सुरू झालं होतं. कन्नडमध्ये.

"डावीकडे कुणी नाही म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?" बाई म्हणाल्या.

"नव्हतंच कुणी."

"मग हे कोण?"

गृहस्थांनी मान बरीच वळवून उजव्या डोळ्यानं मला पाहिलं. "हे आत्ता आले," ते म्हणाले.

मग बाईंनी मला सगळं सांगितलं. काल यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आज साडेनऊला पट्टी काढायला बोलावलं होतं. इतकी वर्षं गाडी हेच चालवायचे. बाईंकडे लायसन्स होतं, पण देवळापलीकडे त्या कधी गाडी घेऊन गेल्या नव्हत्या. म्हणून काम वाटून घेतलं होतं. समोरचं आणि उजवीकडचं बाईंनी बघायचं, डावीकडचं यांनी.

"यांचा डावाच डोळा बांधलाय," बाई म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, नुसती माहिती होती. "आरसा होता तोवर मीही अधूनमधून बघत होते. आता डावीकडचं मला कोण सांगणार?"

मागं हॉर्न सुरू झाले होते. रस्ता कुणाच्या बापाचा नाही, इथून सुरू होणारं माझं नेहमीचं भाषण होतं. ते इथं कुठं बसवावं मला सुचेना. दवाखाना कुठं आहे ते मी विचारलं. दोनेक किलोमीटर होता.

"मी डावीकडून चालतो," मी म्हणालो. "हात केला की वळा. नाही केला तर वळू नका."

"सरी, ठीक आहे," बाई म्हणाल्या.

आम्ही निघालो. बाईंनी माझ्याहून जास्त वेग घ्यायचा नाही असं ठरवलं असावं, त्यामुळे आमच्या मागं रांग लागली. एका रिक्षावाल्यानं बाहेर डोकं काढून बाईंना काहीतरी सुनावलं. अर्थ ओळखीचा होता, मी तेच मराठीत म्हणत आलो होतो. "अण्णा, स्वल्प थांबा, गाडीत पेशंट आहे," मी त्याला म्हणालो, आणि तो थांबलासुद्धा. पुढे एक स्कूटरवाला डावीकडून घुसू लागला. मी हात आडवा केल्यावर त्यानं माझी अक्कल काढली. त्याला उत्तर द्यायला वळावं तर बाई तो इशारा समजून वळतील, ही भीती होती. मी हात तसाच आडवा ठेवला. दोन किलोमीटर मी कुणालाही शिवी दिली नाही. असं माझ्या बाबतीत पूर्वी घडल्याचं आठवत नाही.

दवाखान्यात ते दोघं आत गेले. मी ऑफिसात उशीर होईल म्हणून कळवलं, गेटवरच्या वॉचमनकडून चिकटपट्टी मागून घेतली आणि आरसा जागेवर बसवला. त्यात बहुतेक आकाशच दिसत होतं.

अर्ध्या तासानं गृहस्थ काळा चष्मा लावून बाहेर आले. त्यांनी आधी आरसा बघितला, मग मला नीट न्याहाळलं.

"तुम्ही बरेच मोठे आहात की," ते म्हणाले. "मघाशी आवाजावरून मला कॉलेजातला पोरगा वाटला."

"सेहेचाळीस," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले.

"त्यांना काही बोलू नका," बाई म्हणाल्या. "घरापर्यंत यायचंय त्यांना."

हे मला माहीत नव्हतं. पण गेलो. वाटेत प्रत्येक वळणाला गृहस्थ खिडकीतून "डावीकडे कुणी नाही" असं सांगत होते, आणि माझा हात होईपर्यंत बाई वळत नव्हत्या. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बाईंनी आपल्या आपण इंडिकेटर दिला, मला "थँक्स अप्पा" म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी बायकोला हे सगळं सांगितलं. तिनं शेंगा सोलत ऐकून घेतलं.

"आणि तू त्यांना सॉरी म्हणालास का?" तिनं विचारलं.

मी आठवून पाहिलं. सकाळभर मी त्यांच्याबरोबर होतो, आरसा बसवला, गल्लीपर्यंत पोचवलं. ते तेवढं म्हणालो नव्हतो. उलट त्यांनीच माझे आभार मानले होते.

पुढच्या रविवारी मी त्या गल्लीत जाऊन आलो. पांढऱ्या गाड्या पाच होत्या, सगळ्यांचे आरसे धड होते. त्यांतली त्यांची कुठली ते कळेना. दारं वाजवून कुणाकुणाला विचारायचं ते सुचलं नाही. मी परत आलो.

राग मला अजून येतो. हात मात्र हँडलवर ठेवतो.