एक जूनचा वाढदिवस

अडतिसाव्या वर्षी मला आमच्या गडब गावापासून तीन किलोमीटरवरच्या वाडीत अंगणवाडीसेविकेचं काम मिळालं. रोज पायी जायचं, उन्हात परत यायचं. ह्यांनी पेणहून एक जुनी लेडीज सायकल आणली. "दसऱ्याला शिकते," मी म्हटलं. दसरा गेला. मग संक्रांत धरली, तीही गेली. सायकल पडवीत उभीच.

शेवटी पाडव्याला ह्यांनी ऐकलं नाही. गुढी उभारून झाल्यावर सायकल थेट शेतात नेली. वाल काढून झाले होते, जमीन कडक होती. हे मागून सीट धरून धावत होते. त्यांनी हात सोडला हे मला कळलं तेव्हा मी बांधावर आडवी होते. गुडघा सोललेला. रस्त्यावरच्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. घरी येऊन मी जाहीर केलं, "आता पुढच्या दसऱ्यालाच."

सासूबाई अंगणात वाल फोडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दसऱ्याला शेतात भात उभा असंल गो. शिकशील कुठं? सोमवारी घे. सोमवार काय वाईट हाय?"

मी सोमवारी घेतली. पुन्हा पडले. मंगळवारी गेलेच नाही. पुढच्या सोमवारी सासूबाई स्वतः शेताच्या कडेला येऊन बसल्या. एवढी म्हातारी माझ्यासाठी उन्हात बसली म्हटल्यावर मला घरी जाता येईना. त्या दिवशी चार बांधांच्या मधलं अख्खं शेत मी एकटीनं पार केलं.

शेतात जमलं, पण रस्त्यावर जायचा धीर होईना. ह्यांची रोह्याला कंपनीत शिफ्ट, ते सोबत कितीदा येणार? मे संपत आला होता.

"तुझा वाढदिस कधी गो?" एका सकाळी सासूबाईंनी विचारलं.

"खरा कुणाला माहीत? शाळेत गुरुजींनी एक जून लिहिलाय. अर्ध्या वर्गाचा तोच."

"लिवलाय ना? मग त्याच दिवशी जा."

एक जूनला मी केस धुतले, चांगली साडी नेसले आणि निघाले. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत आला तशी मी उतरून कडेला उभी राहिले. तो गेला. दोन मिनिटं तिथंच थांबले. परत फिरावंसं वाटलं, पण वाढदिवस पुन्हा वर्षानंच येणार होता. पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

वाडीत पोहोचले तर मुलं ओट्यावरून पळत आली. "बाई, तुम्ही चालवली?"

"व्हय, मीच," म्हटलं.

पुढची अकरा वर्षं मी तशीच जात राहिले. मुलांचा वजनकाटा मागच्या कॅरिअरला बांधून.