किमसाहेबांचं खानदान

शहाण्णव साली अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात मशीन बसवायला कोरियाचे किमसाहेब आले. पहिल्याच चहाला त्यांनी मोडक्या हिंदीत आमच्या सुदामदादा फिटरला विचारलं, “आपका खानदान किधर का?”

दादा बौद्ध. खानदान विचारणारा शेवटी जातीवरच येतो, हे त्यांना पाठ होतं. “साला, कोरियाहून हेच हुंगायला आलाय!” म्हणत त्यांनी महिनाभर साहेबांशी कामापुरतंच तोंड उघडलं.

जायच्या दिवशी साहेबांनी उलगडा केला. त्यांच्या कुळाची पहिली आई म्हणे हिंदुस्थानातून बोटीने आलेली राजकन्या. म्हणून ते इथे भेटेल त्याला खानदान विचारायचे. न जाणो, नातं निघालं तर!

दादांनी चहा खाली ठेवला. डोळे बारीक करून म्हणाले, “कौन जात की थी?”