हार कुणाच्या नावावर

अपयश कसं पचवावं, यावर माझा नवरा हार्बरफ्रंटच्या त्याच्या ऑफिसात भाषणं देतो. खेळाने मला हरायला शिकवलं, असं सांगतो. टाळ्या पडतात. पचवतो कसलं डोंबल! स्वतःचं अपयश तो माझ्या पानात वाढतो आणि वर विचारतो, संपवत का नाहीस?

दर शनिवारी पाया लेबारजवळच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये आम्हा मराठी मंडळींचं बॅडमिंटन चालतं. आम्ही दोघं मिक्स्ड डबल्स खेळतो, म्हणजे तो खेळतो आणि मी चुकते. शटल दोघांच्या मधे पडलं, की ते माझं होतं. त्याने जाळ्यात मारलं, तर मी आडवी आले म्हणून. मग समोरच्या जोडीला हसून सांगतो, "सॉरी हं, हिचं लक्षच नसतं." अरे, माझ्या वतीने सॉरी म्हणणारा तू कोण? नाचता येईना अंगण वाकडं, आणि ते अंगण म्हणजे मी.

मला काही हरणं नवीन नाही. शाळेत असताना कराडला मी कबड्डी खेळायचे, आणि आमची टीम भरपूर हरायची. हरलो, की पीटीच्या बाई सगळ्यांना गोल बसवायच्या. प्रत्येकीने स्वतःची चूक सांगायची, फक्त स्वतःची. "हिने साखळी सोडली" असं कुणी म्हणालं, की ऊठ, मार मैदानाला फेऱ्या. भयंकर राग यायचा मला त्या बाईंचा. धीराचा एक शब्द नाही, पाठीवर हात नाही. पण घरी जाताना प्रत्येकीकडे आपापलीच चूक असायची, आणि तेवढी कुणालाही पेलते.

यंदा आमच्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोहोचलो. त्या सकाळी मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये बुटाची नाडी बांधता बांधता हा म्हणाला, "आज घालवलीस ना, तर पुढच्या वर्षी मी दुसरी पार्टनर बघणार." मी पोहे परतत होते. हातातलं उलथनं फेकलं नाही, एवढंच. त्याच्या नोकरीपायी देश सोडून इथे आलो तेव्हा माझी सुटली. आठवड्यातून एकदा घाम गाळायची ती एकच जागा मला उरलीय, आणि तीही याच्या मर्जीवर? म्हटलं, आज जिंकायचंच. जिंकलो तर वर्षभर याचं तोंड तरी बंद राहील.

समोर एक जोडपं होतं, दोघंही युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी, शांत माणसं. तिसरा गेम, वीस-एकोणीस, आम्ही पुढे. तिने उंच मारलं. हा मागे मागे धावला, रॅकेट उगारली, आणि शटल त्याच्या पाठीमागे रेषेबाहेर पडलं. "आउट!" ओरडत त्याने दोन्ही हात वर केले. पंच वगैरे आमच्याकडे नसतो, आपल्या बाजूचं आपणच सांगायचं. पण टक् झालं होतं. मी ऐकलं होतं. शटल रॅकेटला चाटून गेलं, की मग ते बाहेर पडो नाहीतर आत, पॉइंट समोरच्यांचा.

समोरून तिने बिचकत विचारलं, "दादा, रॅकेटला लागलं का हो?"

"छे! काहीतरीच. सांग गं यांना."

सांग गं! एरवी माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही, आणि आज साक्षीला मी! नुसती मान हलवली असती तरी भागत होतं. कप आमचाच होता. आणि खोटं कशाला बोलू, तो कप त्याच्याहून मला जास्त हवा होता.

"लागलं," मी म्हटलं. "कडेला."

भर रस्त्यात मी त्याचा पासपोर्ट फाडावा, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. वीस-वीस झाले. पुढचा पॉइंट त्यांनी घेतला. मग शेवटचं शटल अगदी आयतं त्याच्या पुढ्यात आलं. जीव खाऊन स्मॅश मारला त्याने, आणि तो गेला जाळ्यात. मी तेव्हा कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला होते.

बसमध्ये बसल्या बसल्या सुरू झाला. "जिंकलेली मॅच घालवलीस. बायको आहेस की वैरीण?" पुढच्या सीटवरच्या आमच्या लेकीने कानातला इअरफोन काढून इथल्या पोरांच्या इंग्रजीत सुनावलं, "पपा, लूज मीन्स लूज, लाह." तिला दटावून तो पुन्हा माझ्याकडे वळला, "बोल की आता. कुणामुळे हरलो?"

"तुझ्यामुळे," मी म्हटलं. "इतकी वर्षं तुझ्या वाटचंही मीच हरत आले. आजची हार तुझी आहे, ती तूच घरी घेऊन चल. आणि पुढच्या शनिवारपासून मी बायकांच्या डबल्समध्ये खेळणार आहे."

तो खिडकीकडे वळला. मग हळूच म्हणाला, "मग मी कुणाबरोबर खेळू?"

मला जराही दया आली नाही. आमचा स्टॉप आला होता. मी बेल दाबली आणि उतरले.