सापसुरळीची शेपूट

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितली नाही. धाकट्या बहिणीने दोन-तीनदा विषय काढला होता, तेव्हा मी पाणी प्यायचं निमित्त करून उठलो. आता ती बहीणही गेली. त्या दिवशी खरं काय झालं हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय.

स्वातंत्र्याला थोडी वर्षं झाली होती. आम्ही डोंबिवलीत राहत होतो. मी मॅट्रिक होऊन नोकरी शोधत होतो. वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या, विधवा होऊन आमच्याकडे आली होती. दिवसभर स्वयंपाकघरात असायची. बाहेरच्या खोलीत, ट्रंकेच्या मागे एक सापसुरळी येऊन राहिली होती. आत्या तिला झुरळं, नाकतोडे घालायची. लोक सापसुरळीला घाबरतात. आत्याच्या हातावर ती झोपल्यासारखी पडून राहायची.

मलाही तिने धरायला शिकवलं होतं.

"अरे, चिमटीत काय धरतोस? मीठ आहे का ते? आणि हात वरून आणू नकोस, तिला वाटतं घार आली. पुढे तळवा ठेव, मागून दुसरा हात हळूच सरकव. चढली की तिच्या खांद्यावर एक बोट, नुसतं टेकलेलं. उंच उचलू नकोस, पडली तर जमीन जवळ असू दे. शेपटीला मात्र हात लावायचा नाही. तुटते."

बहिणीला पाहायला मंडळी येणार होती. तसल्या प्रसंगी आत्याने समोर यायचं नाही, हे सांगावंही लागत नसे. सकाळीच तिने मला गाठलं.

"मला आज बाहेर येता यायचं नाही. मंडळी यायच्या आत तिला उचल आणि मागे परसात सोड. विसरशील हं!"

"हो गं, किती वेळा सांगशील!"

आणि मी नाक्यावर मित्रांशी गप्पा मारत बसलो. परतलो तेव्हा पाहुणे सतरंजीवर बसलेले होते. पोहे आले आणि नेमकी तेव्हाच सापसुरळी ट्रंकेमागून निघून थेट मुलाच्या आईच्या पायाशी आली. बाई किंचाळल्या. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"पुढे तळवा ठेव," स्वयंपाकघराच्या दाराआडून आत्याचा दबका आवाज आला.

मी झडप घातली. हातात शेपूट तेवढी राहिली, आणि ती वळवळत होती. मी किळसून ती झटकली, ती पोह्यांच्या बशीजवळ पडली आणि तिथेही वळवळत राहिली.

तेव्हा आत्या बाहेर आली. सगळ्यांसमोर खाली बसली, तळवा जमिनीला टेकवला. थोटी सापसुरळी त्यावर चढली. तिला पदराआड धरून आत्या आत गेली.

"पोहे खायला बोलावलंत, की गारुड्याचा खेळ बघायला?" मुलाचे मामा म्हणाले.

"चला," मुलाची आई उठली. "शुभकार्यात आधी ते जनावर, आणि वर हे दर्शन!"

ते गेल्यावर वडिलांनी आत्याला बोलावलं. "तुला एवढंही कळू नये? ते जनावर इथे राहिलंच कसं?"

"मी याला सांगितलं होतं," आत्या म्हणाली.

वडील माझ्याकडे वळले. "हिने सांगितलं होतं?"

"नाही. मला कोणी काही बोललं नाही."

आत्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. आठवड्याभरात तिला ठाकुर्लीला दिरांकडे पोचवलं. चाळीतली एक खोली, माणसं सात, परस नाही. बहिणीचं लग्न पुढे चांगल्या घरी झालं. आत्या मात्र परत आली नाही, आणि तिला आणा, असं मीही कधी म्हणालो नाही.

ठाकुर्ली आमच्याकडून चालत जाण्याएवढी. मी एकदाच गेलो, दिवाळीचा फराळ घेऊन. ती फार वाळली होती.

"शेपूट आली का रे तिला?"

"आली. आखूड आहे, जरा काळपट."

"जखमेला मुंग्या नव्हत्या ना लागल्या?"

"नाही."

दारात मी चपला घालण्यात उगीच वेळ काढला. "नीघ आता, ऊन चढेल," ती म्हणाली. मी निघालो. पुढच्या पावसाळ्यात ती त्याच खोलीत वारली.

आत्या, तू मला सांगितलं होतंस. सकाळीच सांगितलं होतंस. चुकलो गं मी.